हातभर तार आणि लाखाचा ट्यूनर

हाय-फायच्या हौशी मंडळींत एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. त्याचं सार असं: घरी चांगला अॅम्प्लिफायर असेल तर उंची व्हॉल्व्ह एफएम ट्यूनर घ्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा, अॅम्प्लिफायरला जोडायचा रेडिओ. रेडिओ सीडीपेक्षा गोड ऐकू येतो, व्हॉल्व्ह दुबळं स्टेशनही ओढून आणतो, एरियल म्हणून हातभर तार पुरते, आणि परदेशातला जुना सेट मागवून प्लग लावला की झालं. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या कुणी यावर विसंबून पैसे मोडण्याआधी एकेक दावा घासून बघावा. सगळ्यात जास्त नुकसान तारेच्या दाव्याने होतं, म्हणून सुरुवात तिथून.

"हातभर तार पुरते." ट्रान्समीटरच्या गावात पुरते, शंका नाही. पण एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्यात चालते. दोन्ही टोकांच्या एरियलची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा आणि तिला 4.12 ने गुणा. येतील तेवढे किलोमीटर. मनोरा 100 मीटर आणि आपल्या गच्चीवरचं एरियल 10 मीटर धरलं तर उत्तर 54 येतं. आता कोल्हापूर आकाशवाणी, 102.7 मेगाहर्ट्झ. निपाणी तिथून सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटर, म्हणजे सोपं. चिकोडी पन्नासच्या आसपास, काठावर. बेळगाव शंभराच्या घरात. दोन्हीकडच्या जमिनीची उंची थोडीफार मदत करते, मधला चढ तेवढीच अडवणूक करतो. पण कपाटामागे सोडलेल्या तारेला हे अंतर झेपणारं नाही, मग पुढे कितीही किमतीचा ट्यूनर असो.

इथे कामाला येतं ते गच्चीवरचं एरियल. साधा डायपोल, म्हणजे मधोमध तोडून तिथे केबल जोडलेली सरळ दांडी, करायचा तर 143 ला मेगाहर्ट्झने भागा, लांबी मीटरमध्ये येते: एफएम पट्ट्याच्या मधल्या 98 साठी टोकापासून टोकापर्यंत 1.46 मीटर, 102.7 साठी 1.39. अॅल्युमिनियमची नळी चालते. तीन दांड्यांचा यागी (एकाच दिशेला तोंड असलेलं एरियल) केला तर डायपोलच्या मागची दांडी सुमारे पाच टक्के लांब, पुढची तेवढीच आखूड. बेळगावातून कोल्हापूरसाठी तोंड उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे. दांड्या आधी आडव्या लावून बघा, मग उभ्या. जास्त स्वच्छ येईल ते ठेवा. खाली उतरायला आरजी-6 केबल (टीव्हीच्या डिशची असते तशी गोल) घ्यावी. वीस मीटरमध्ये दीड डेसिबेलही जात नाही. जुन्या व्हॉल्व्ह ट्यूनरवर बहुधा 300 ओमचे दोन स्क्रू असतात आणि केबल असते 75 ओमची, म्हणून मध्ये 4:1 बालून, म्हणजे 75 चा 300 शी मेळ घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, हवाच. चपटी दुहेरी वायर वापरलीच तर ती पत्र्याला किंवा ग्रिलला टेकू देऊ नका. खांबाला अर्थिंग करा आणि वळवाचे ढग दिसले की एरियलची पिन काढून ठेवा.

"व्हॉल्व्ह दुबळं स्टेशन ओढून आणतो." उलट आहे. ईसीसी85 सारखा व्हॉल्व्ह एरियलचा सिग्नल पहिल्यांदा झेलणाऱ्या टप्प्यात उत्तम काम करायचा, पण नंतरच्या काळातल्या एफईटी (एका प्रकारचा ट्रान्झिस्टर) वापरणाऱ्या चांगल्या ट्यूनरांची खरखर त्याहून कमी असते. व्हॉल्व्हची खरी ताकद दुसरीकडे आहे: जवळच्या जोरदार स्टेशनने तो सहसा गांगरत नाही. शिवाय दुबळ्या सिग्नलवर स्टिरिओ ऐकायचं तर मोनोपेक्षा वीसेक डेसिबेल जास्त जोर लागतो. ती खरखर कुठलाच व्हॉल्व्ह पुसत नाही. मोनोचं बटण दाबलं की मात्र ती बरीच पुसली जाते.

याच दाव्याच्या पोटात एक गैरसमज आहे, की असा ट्यूनर "सगळी आकाशवाणी" पकडतो. धारवाड केंद्राचं मुख्य प्रसारण मध्यम लहरींवर, 765 किलोहर्ट्झला आहे. मॅरँट्झ 10बी किंवा लीक ट्रॉफलाइन, हे जुने व्हॉल्व्ह ट्यूनर दोन्ही फक्त एफएमचे. त्यांना धारवाड दिसतच नाही. 10बीच्या तोंडावर एक छोटा ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नल रेघेने दाखवणारा पडदा, आहे. डोंगरावर आपटून परतलेली लहर मूळ लहरीत मिसळली की त्यावरची रेघ थरथरते, आणि कानाला 'स', 'श' फाटल्यासारखे येतात. तेव्हा रेघ बघत एरियल थोडं फिरवायचं. घाटाजवळच्या गावात ही सोय खरोखर मोलाची. मजकुरात तिचा उल्लेखही नाही!

"सीडीपेक्षा गोड." एफएमवर आवाज 15 किलोहर्ट्झपर्यंतच जातो, कारण 19 वर स्टिरिओचा पायलट, म्हणजे ट्यूनरला स्टिरिओची खूण देणारा सूर, बसलेला असतो. त्यात बरीच स्टेशनं संगणकातली गाणी दाबून, सपाट करून सोडतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मग लोकांना गोड लागतं ते काय? पुष्कळदा ती चूक असते. प्रसारणात वरचे सूर मुद्दाम चढवून पाठवतात आणि ट्यूनर ते परत उतरवतो. भारतात आणि युरोपात हे उतरवणं 50 मायक्रोसेकंदांचं, अमेरिकेत 75 चं. अमेरिकन सेट जसाच्या तसा इथे लावला तर 10 किलोहर्ट्झला तीन डेसिबेलहून जास्त जादा कापले जातात. तबल्याची चाट मऊ पडते, तंबोऱ्याची जवारी धूसर होते, आणि ऐकणारा म्हणतो, "व्हॉल्व्हचा गोडवा!" उपाय दोन कंडेन्सरांचा आहे: 75 किलोओमच्या रेझिस्टरसोबत 1000 पिकोफॅरडचा कंडेन्सर असेल तर तिथे 680 चा लावा, प्रत्येक चॅनेलला एक.

वरच्या सुरांची दुसरी चोरी ट्यूनरपासून अॅम्प्लिफायरपर्यंतच्या केबलमध्ये होते. काही सेटचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडणाऱ्या सिग्नलला आतून होणारा अडथळा) 50 किलोओमच्या आसपास असतो. त्याला 200 पिकोफॅरडची लांब केबल जोडली की 16 किलोहर्ट्झला तीन डेसिबेल गेले. केबल मीटरभराच्या आत ठेवा.

हल्ली "व्हॉल्व्ह ट्यूनर" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उंची यंत्रांत, उदाहरणार्थ मॅग्नम डायनालॅब एमडी 106टी, व्हॉल्व्ह फक्त शेवटच्या ऑडिओ टप्प्यात असतो. त्यात वाईट काही नाही. फक्त स्टेशन पकडण्याचं श्रेय त्या व्हॉल्व्हला देऊ नये.

"प्लग लावला की झालं." जपानच्या देशी बाजारातला सेट 76 ते 90 मेगाहर्ट्झचा असतो, कोल्हापूरचं 102.7 त्याच्या काट्यावरच नाही. 1961 आधीचा अमेरिकन सेट मोनो. त्याला स्टिरिओसाठी डावं-उजवं वेगळं करणारा डीकोडर लागतो, आणि त्याचा सिग्नल वरचे सूर उतरवण्याच्या आधीच्या ठिकाणाहून घ्यावा लागतो. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर 117 व्होल्ट, 60 हर्ट्झचा. आपल्या 50 हर्ट्झवर तो जास्त तापतो, म्हणून दोन वेगळ्या वाइंडिंगचा, व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि 110 च्या जवळ ठेवा. ऑटोट्रान्सफॉर्मर नको.

साठ वर्षं पडून असलेला सेट थेट लावू नये. आधी सेटच्या वीजवाटेत 60 वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडा; दिवा पूर्ण पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे. मुख्य फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात, त्यातून घरघर येते. रेशो डिटेक्टरजवळचा (एफएम लहरीतून आवाज वेगळा करणाऱ्या भागाजवळचा) छोटा इलेक्ट्रोलिटिक मेला की खरखर वाढते, आणि लोक उगाच व्हॉल्व्ह बदलत बसतात. कागदी कंडेन्सर गळके निघतात. काही आयएफ डब्यांच्या (पकडलेलं स्टेशन एका ठरलेल्या मधल्या फ्रीक्वेन्सीवर गाळून घेणाऱ्या पत्र्याच्या डब्यांच्या) तळाशी चपटे मायका कंडेन्सर असतात. खानापूरच्या पावसाळी दमटपणात त्यांची चांदी पसरून कडकड सुरू होते. आत 200-250 व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ टिकतात, हात घालण्याआधी कंडेन्सर रिकामे करा.

आयएफ डब्यांतले कोअर, म्हणजे जुळणीसाठी फिरवायचे गाभे, मात्र अंदाजाने फिरवू नका. ते सेटच्या आयएफला, बहुतेक सेटमध्ये 10.7 मेगाहर्ट्झला, लावलेल्या सिग्नल जनरेटरवर, प्लॅस्टिकच्या किल्लीने जुळवायचे असतात. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ आला तरी जुळणी हलते, आणि कोअर तडकला तर आख्खा डबा गेला. विकणारा "सर्व्हिस केलाय" म्हणाला तर विचारा: कोणते कंडेन्सर बदलले, आणि जुळणी सेट वीसेक मिनिटं तापल्यावर केली की थंड असताना?

ही सगळी चौकशी करण्याआधी 1.46 मीटरचा डायपोल आणि एक साधा एफएम रेडिओ घेऊन गच्चीवर जा. एरियल चारी दिशांना फिरवा, संध्याकाळी आणि सकाळी, दोन्ही वेळा. तिथे जे स्टेशन मोनोतही स्वच्छ येत नाही, ते लाखाच्या ट्यूनरवरही येणार नाही.