मारुती मंदिराजवळ या, पटकन!

गेल्या मंगळवारी रात्री एक वाजून दहा मिनिटांनी सिडकोतल्या एका भाऊंनी ११२ ला फोन लावला. त्यांचं संपूर्ण निवेदन असं: "मारुती मंदिराजवळ आग लागलीये, या पटकन!" आणि फोन कट. इतक्या मोजक्या शब्दांत इतकी कमी माहिती देण्याची हातोटी पाहून मी भारावले. नाशिक पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये हेडफोन लावून बसायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण एवढी सफाई क्वचित बघायला मिळते. तेव्हाच ठरवलं की ही विद्या एकट्या सिडकोत राहता कामा नये. संकट सांगून येत नाही. ते आल्यावर नेमकं कसं वागलं म्हणजे मदत शक्य तितक्या उशिरा पोचेल, हे तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं बरं.

तर घरात धूर दिसला की सगळ्यात आधी आम्हाला सोडून बाकी सगळ्यांना फोन करा. पहिला मान भाऊंचा. प्रत्येक कॉलनीत चौकातल्या बॅनरवर हात जोडून उभे असलेले एक भाऊ असतातच. ते उचलत नाहीत, त्यांचा कार्यकर्ता उचलतो आणि "भाऊ मीटिंगमध्ये आहेत" म्हणतो. रात्री दीड वाजता. मग मेहुण्याचा तो मित्र, जो पोलिसात आहे. तो सध्या नंदुरबारला असला तरी हरकत नाही, वट असते. मग सोसायटीच्या ग्रुपवर टाका, "आग लागली आहे". खाली सात-आठ जणांचे हात जोडलेले आले, एकाने चुकून "हार्दिक शुभेच्छा" टाकलं, की मग निवांत ११२. हा नंबर फुकट लागतो, तेव्हा शेवटी लावलेलाच बरा.

लहान मूल रडत असेल तर त्याच्या हातात लॉक असलेला मोबाइल द्या. खाली 'इमर्जन्सी' लिहिलेलं असतं, त्यावर मुलं फार रमतात.

आता पत्ता. इथे जरा थांबते, कारण खरी कला इथेच आहे.

पत्ता कधीही सांगू नका. पत्ता हा बिर्याणीवाल्याला सांगायचा असतो. त्याला तुम्ही "मेन गेटने नको, मागच्या गेटने या, बी विंग, डावीकडची लिफ्ट, बेल वाजवू नका, बाळ झोपलंय" इथपर्यंत सांगता. ते योग्यच आहे, बिर्याणी गार होते. आगीला ती भीती नाही.

आम्हाला फक्त "मारुती मंदिराजवळ" एवढंच सांगा. अंजनेरी आपल्या जिल्ह्यात, म्हणजे मारुतीरायाचं जन्मस्थान आपल्याकडचंच. (कर्नाटकातल्या किष्किंधावाल्यांना हे मान्य नाही. २०२२ साली इथे नाशकात त्यावर धर्मसभा भरली आणि हमरीतुमरीवर आली. तो वाद महंतांनी बघून घ्यावा.) तर अशा गावात दर दोन गल्ल्यांना एक मारुती असणारच. रामकुंडावर दुतोंड्या आहे, पंचवटीत पंचमुखी आहे, रोकडोबा आहे, दक्षिणमुखी तर किती आहेत ते त्या रामालाच ठाऊक. सिडकोत, सातपूरला, नाशिकरोडला, जिथे म्हणून दोन पिंपळ आहेत तिथे एक शेंदूर लावलेला दगड आहे. यातला कोणता, हे ओळखणं आमचं काम. पगार कशाचा घेतो आम्ही?

शिवाय ११२ म्हणजे जुनं १०० नव्हे. २०२१ पासून ही सोय आपल्या राज्यात आहे, पण फोन कुठे लागतो हे अजून कुणाच्या डोक्यात शिरलेलं नाही. तो थेट नाशकात लागत नाही. आधी नवी मुंबईत नाहीतर नागपुरात लागतो, तिथे नोंद होते आणि मग ती नोंद आमच्या पडद्यावर येते. तिथे बसलेल्या मुलीला तुम्ही "सिडको" म्हटलंत की तिच्या डोळ्यांसमोर आधी नवी मुंबईचं सिडको येतं. मग संभाजीनगरचं. मग आपलं. "गाव कुठलं?" असं तिने विचारलं की तुम्ही चिडायचं. "अहो सिडको! सिडको माहीत नाही का? कुठून आलीस गं?" ती नागपूरहून बोलत असते. तिला आपली स्कीम, म्हणजे सिडकोचा भाग कुठला, गल्ली कुठली, हे कळावं तरी कसं?

आणि ते लोकेशन. "मॅडम, तुम्हाला लोकेशन दिसतं की!" हो, दिसतं. एक गोल दिसतो. टॉवरवरून आलेलं असेल तर त्या गोलात तीन शाळा, दोन मारुती, भाजीबाजार आणि चारशे घरं मावतात. आम्ही तो गोल बघतो, दर्शन घेतो आणि बसतो.

मंगळवारी हेच झालं. नोंद पडद्यावर आली, अग्निशमन दलाला वर्दी दिली, गस्तीवरच्या बीट मार्शलना निघायला सांगितलं. निघाले, पण कुठे? मी भाऊंना फोन लावला, व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. पाच वेळा व्यस्त. रात्री सव्वा वाजता मी नकाशावर सिडकोतले मारुती मोजत होते. दोन मार्शल एका मंदिराशी, दोन दुसऱ्या. पहिल्या ठिकाणी पुजारी झोपलेला, दुसऱ्या ठिकाणी चार कुत्री जागी. बंबावरचा माणूस वायरलेसवर विचारतोय, "मॅडम, डावीकडे घेऊ की उजवीकडे?" आणि माझ्याकडे उत्तर नाही. गाडी निघालीये, पाणी भरलेलं आहे, माणसं बूट चढवून बसलीत, आणि सगळं एका शब्दावर अडलंय. तो शब्द ज्या माणसाकडे आहे तो फोनवर दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतोय. अकरा मिनिटं! जिन्याखालचे मीटर पेटलेत आणि धूर जिन्यातूनच वर चढतोय, म्हणजे वरची माणसं खाली येऊ शकत नाहीत, हे आम्हाला अकरा मिनिटं माहीतच नव्हतं.

एक वाजून एकवीस मिनिटांनी दुसरा फोन आला. एक आजी होत्या. आवाज थरथरत होता, पण बोलणं सरळ. "बाई, मी सांगते ते लिहून घे. नाशिकचं सिडको. चौथी स्कीम. मारुतीकडून शाळेच्या भिंतीला धरून यायचं, पिठाच्या गिरणीपाशी उजवीकडे वळलं की तिसरी गल्ली. कोपऱ्यावर विजेची डीपी आहे. बिल्डिंगचं नाव पुसलंय, पण खाली लाँड्री आहे. मीटर पेटलेत, सिलिंडर नाही. वर सहा माणसं आहेत, त्यात दोन पोरं. मी कोपऱ्यावर बॅटरी घेऊन उभी राहते." अर्धा मिनिट लागला असेल, नसेल. त्या अर्ध्या मिनिटात बंबाला रस्ता मिळाला, महावितरणला वीज बंद करायला सांगता आलं, शिडी लागणार हे कळलं आणि १०८ ची गाडी निघाली.

भाऊ, हे तुम्हाला जमलं नसतं? तुम्ही आजींपेक्षा जवळ उभे होतात.

असो. आपण सल्ले देत होतो.

आम्ही प्रश्न विचारायला लागलो की ओरडा. "प्रश्न नका विचारू, आधी गाडी पाठवा!" गाडी आधीच निघालेली असते, प्रश्न ती चालू असताना विचारतात, हे समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. काय पेटलंय, कुणी अडकलंय का, गॅसचा वास येतोय का, या चौकश्या आम्ही वेळ जात नाही म्हणून करतो.

फोन बाईने उचलला तर तिचं लग्न झालंय का ते अवश्य विचारा.

गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावा आणि मध्ये एक स्कूटी जाईल एवढी जागा ठेवा. शेवटी रस्ता आपल्या घरासमोरचा, म्हणजे आपलाच. मंगळवारी बंब तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी थांबला तो पुढे सरकेना. पोरांनी होज पाइपला होज पाइप जोडत खांद्यावरून आत नेले. त्या गडबडीत एका पांढऱ्या गाडीचा आरसा दुमडला. त्या गाडीचे मालक इतका वेळ, आग लागलेली असताना, झोपलेले होते. आरसा दुमडल्याच्या आवाजाने जागे झाले. खाली येऊन त्यांनी विचारलं, "याची भरपाई कोण देणार?" आणि उत्तर न मिळाल्याने ११२ ला तक्रार केली. पत्ता मात्र अगदी व्यवस्थित सांगितला, फ्लॅट नंबरासकट.

सायरन ऐकू आला की जागचे हलू नका. आपल्या द्वारका चौकात तर हलताही येत नाही, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांवर हलण्याचा प्रश्नच नाही, पण जिथे जागा असते तिथेही आरशात एकदा बंबाकडे बघावं आणि पुढे तोंड करून शांत बसावं. वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९४-ई कलमाखाली दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, पण ते कलम आपल्यासाठी नसतं, पुढच्या रिक्षावाल्यासाठी असतं. रुग्णवाहिका पुढे गेली की मात्र तिच्या मागे चिकटून सिग्नल तोडायला विसरू नका.

बिबट्या. हा आता नाशिककरांचा घरगुती विषय झालाय. खरा बिबट्या शहरात शिरतो तेव्हा काय होतं हे आपण पाहिलंय, माणसं जखमी होतात. म्हणूनच आपण काय करायचं, तर कुणीतरी एआयवर बनवलेला बिबट्या स्वतःच्या कॉलनीच्या नावाने पुढे ढकलायचा. सोबत "आत्ताच दिसला, काळजी घ्या". अर्ध्या तासात आम्हाला तीस फोन. गाडी जाते, वन विभागाची माणसं जातात, पाऊलखुणा शोधतात, भटका कुत्रा सापडतो. आणि त्याच वेळी दुसरीकडे खरा असेल तर? असो. वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे, तो कुणाला सांगू नका. आणि बिबट्या खरा निघालाच, तर पोराला खांद्यावर घेऊन बघायला जा.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, की कठड्यावर बसून रील करा. तुम्हाला काढायला येणाऱ्या पोरांना पोहता येतं.

मजा म्हणून खोटा फोन करायचा असेल तर रात्री बारानंतर करा. भारतीय न्याय संहितेचं २१७ वं कलम त्यासाठीच आहे: एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मित्रांत सांगायला किस्सा होतो. त्या वेळी जिचा खरा फोन लागत नव्हता, ती बाई तुमच्या मित्रांत नसते.

आणि शेवटी, सगळं आटोपल्यावर, "पोलीस नेहमीप्रमाणे उशिरा आले" असं लिहायचं.

नाही, आता मला हे असं बोलता येत नाहीये. सरळ सांगते. उशिरा आलो आम्ही. कधी आमची गाडी लांब असते, कधी माणसं कमी असतात, त्याच्या शिव्या आम्हाला घाला, त्या आमच्या आहेत. पण मंगळवारची अकरा मिनिटं आमची नव्हती. ती तुमची होती. गाव, भाग, गल्ली, खूण, काय झालंय, किती माणसं. एवढं सांगायला पोलिसात ओळख लागत नाही. फोन कापू नका आणि आम्ही उलट लावला तर उचला. अनोळखी नंबर म्हणून कापता? तुमच्याच घराला आग लागलीये ना? तुमच्या बिल्डिंगचं नाव रंगाखाली गेलंय, ते लिहून घ्यायला तीनशे रुपये लागतील. गणपतीच्या वर्गणीतून उरतात तेवढे. आणि गल्लीतल्या त्या गाड्या काढा. कुणाच्या आहेत ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, शेजारधर्म म्हणून बोलत नाही तुम्ही. वरची दोन पोरं धुराने बेशुद्ध होऊन शिडीवरून खाली आली, दोन दिवसांनी दवाखान्यातून घरी गेली. गेली म्हणून मी हे लिहायला बसले, नाहीतर बसले नसते.

आणि भाऊ, तुमचा फोन पाचही वेळा व्यस्त का होता ते मला बुधवारी कळलं. माझ्या भाचीनेच दाखवलं. तुम्ही लाइव्ह होतात आणि वर तुमच्या मित्रांचे फोन चालू होते. व्हिडिओ चांगला आलाय, जिना, ज्वाळा, खिडकीतला हात, सगळं स्पष्ट दिसतंय. चौथ्या मिनिटाला मागून आजींचा आवाज येतो. "अरे, पत्ता नीट सांगितला का रे कुणी?" दोनदा विचारतात त्या. तुम्ही कॅमेरा त्यांच्याकडे वळवता आणि परत आगीकडे नेता.