रात्रीची लाईट आणि रात्रीचं दूध

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरातली दोन मोठी माणसं जागी होती. नवरा, कारण या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे आणि उसाच्या खोडव्याला पाणी द्यायचं होतं. आणि मी, कारण लेकीला दूध हवं होतं. हे बॅटरी आणि काठी घेऊन बाहेर पडले, मी भिंतीला उशी लावून बसले. पुढच्या रस्त्यानं उसाचे दोन ट्रॅक्टर गाणी दणाणत कारखान्याकडं गेले. सकाळी सासूबाई यांना म्हणाल्या, "झोप जरा, रातभर जागलायस." मग माझ्याकडं वळून, "अजून उठतीयाच व्हय गं ती? दूध पुरंना झालंय तिला."

जागरण दोघांचं. त्यांना गादी मिळाली, मला दुधाची चौकशी.

म्हणून ही पोस्ट. तीन दिवस तुकड्यातुकड्यांनी लिहितेय, कुठं शिवण उसवलेली दिसली तर समजून घ्या.

लेक साडेपाच महिन्यांची आहे. ऑगस्टात माहेरी, मिरजेत झाली. नोव्हेंबरात तिला घेऊन पलूस तालुक्यात सासरी आले. तेव्हापासून "रात्री झोपते का?" हा प्रश्न मला बोरन्हाणाला आलेल्या बायकांनी विचारलाय, पतसंस्थेतल्या मैत्रिणींनी फोनवर विचारलाय, गॅसची टाकी द्यायला येणाऱ्या पोरानंही विचारलाय. "नाही" म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं. दूध कमी असेल. नाहीतर, सवय तूच लावलीस. नाहीतर, आमची तर रात्रभर गपगार झोपायची.

दुधाचं आधी बोलते, कारण त्या एका वाक्यानं कितीतरी बायकांचं दूध खरोखर कमी झालेलं मी बघितलंय. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभर चीक मावतो. पुढं पोट वाढतं, पण आईचं दूध पचायला हलकं, दीड-दोन तासांत पोट रिकामं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं ही नवजात बाळाची रीतच आहे, आणि त्याला घड्याळ कळत नसल्यामुळं त्यातल्या तीन-चार वेळा रात्री येणारच. दिवस-रात्रीचं भान यायलाच दोन-तीन महिने जातात. तोवर ते भान आईच्या दुधातून थोडं उसनं मिळतं, कारण झोप आणणारं मेलाटोनिन रात्रीच्या दुधात असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. हे वाचलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. रात्री तीन वाजता इतकं भारी वाटत नाही, ते सोडा.

आणि दूध म्हणजे काही टाकीतलं पाणी नव्हे, की दिवसा वापरलं तर रात्री संपलं. ती विहीर आहे. उपसाल तसे झरे वाहतात. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत रात्रीचं पाजणं तोडून वरचं दूध सुरू केलं की विहिरीचा उपसा थांबतो. मग दूध खरंच कमी होतं आणि सगळे म्हणतात, "बघ, म्हटलं नव्हतं?"

दूध पुरतंय की नाही ते झोपेवरून ओळखायचंच नसतं. लंगोट मोजायचे. पहिला आठवडा सरला की दिवसभरात सहा किंवा जास्त ओले होत असतील आणि वजन चढत असेल तर दूध पुरतंय. आमची जन्मली तेव्हा दोन किलो आठशे होती, परवा पाच किलो नऊशे भरली. तिसऱ्या महिन्याच्या भेटीला गावातली आशाताई आली होती, तिनं कार्डावरची रेघ सासूबाईंना बोटानं दाखवली. सासूबाईंनी रेघ बघितली, मान डोलावली आणि ती गेल्यावर म्हणाल्या, "रेघंला काय कळतंय?"

डब्याची गोष्टही सांगायलाच पाहिजे. जिथं बाळंतपण झालं तिथं (नाव घेत नाही) दुसऱ्याच दिवशी पावडरच्या डब्याची चिठ्ठी हातात आली. बाळाचं वजन तपासून नव्हे, कुणी मला पाजताना बघून नव्हे, रात्री रडली म्हणून. या देशात १९९२ पासून कायदा आहे, बाळाच्या डबाबंद दुधाची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर आईचं दूध सर्वोत्तम असं छापावं लागतं. ते वाक्य मी दवाखान्याच्या कॉटवर पडल्या पडल्या वाचलं, हातात तोच डबा धरून. ज्यांना खरंच गरज असते त्यांनी डबा जरूर द्यावा, त्यात कमीपणा काही नाही, माझ्या मावसबहिणीला द्यावा लागला आणि पोरगा आज घोड्यासारखा पळतोय. माझा राग चिठ्ठीच्या घाईवर आहे.

"आमची झोपायची" याचं उत्तर मला आमच्या आजेसासूबाईंनी दिलं, स्वतःच्याही नकळत. पंच्याऐंशीच्या आहेत, अजून भाकरी स्वतः थापतात. एकदा उन्हात बसून पोरीच्या टाळूला तेल घालत म्हणाल्या, "माझ्या सासूच्या वक्ताला अफूचा कण द्यायची गं. बाया भांगलायला जायच्या, पोरगं पाळण्यात निपचित. आमच्या वक्ताला जायफळ." जायफळाचे किती वेढे द्यायचे, विचारलं. "दोन येढं जास्तीच, दिस मोठा असला की."

मी गप्पच झाले. मागच्या पिढ्यांची सगळी बाळं अशीच झोपवली असं मी म्हणत नाही. पण शांत झोपलेलं बाळ आणि गुंगीतलं बाळ दुरून सारखंच दिसतं. जायफळ जास्त झालं की विषासारखं काम करतं, मोठ्या माणसालाही. आमच्या गुटीच्या पुडीतलं जायफळ मी त्या दिवशी काढून मसाल्याच्या डब्यात टाकलं. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टर सांगतात, त्यामुळं पुढं गुटीच बंद केली. यावरून घरात आठवडाभर धुसफूस झाली, ती वेगळी पोस्ट होईल.

आता माझी चूक. सासूबाईंनी सांगितलं होतं, झोपून पाजू नको, कानात दूध जातं. मी ऐकलं. शिवाय खोलीत लाईट लावली की हे उठतात, आणि त्यांना पहाटे शेतात जायचं असतं, म्हणून रात्री पोरीला घेऊन हॉलमधल्या सोफ्यावर बसायचे. डिसेंबरातली एक रात्र, चौथी की पाचवी जाग. मला जाग आली ती ट्रॅक्टरच्या आवाजानं. पोरगी मांडीवर नव्हती. ती घसरून माझं कोपर आणि सोफ्याची पाठ यांच्या बेचक्यात गेली होती, तोंड गादीकडं, शाल अर्धी डोक्यावर. श्वास चालू होता. मी तिला उचललं आणि तशीच फरशीवर बसून राहिले, उजाडेपर्यंत.

नंतर बालरोगतज्ज्ञांना विचारलं तर त्या आधी पाच मिनिटं रागावल्या. बाळ घेऊन सोफ्यावर किंवा खुर्चीत डोळा लागणं हे अंथरुणात डोळा लागण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. बाळ आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या सपाट, टणक अंथरुणावर, उताणं. तोंडाजवळ उशी, गोधडी, लोड काही नको. कुशीवर पडून पाजलं तर चालतं, अंगावर पिणारं बाळ चोखतं आणि गिळतं, ते दूध कानात ओतलं जात नाही. पाजून झालं की त्याला त्याच्या जागेवर. आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, शेजारी झोपणारा दारू घेत असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर त्याला आपल्या अंथरुणात घेऊन झोपायचंच नाही. आमची गादी आता जमिनीवर आहे, तिची छोटी सतरंजी-गादी माझ्या हाताच्या अंतरावर, आणि झिरो बल्बसुद्धा बंद असतो.

त्याच दरम्यान एका रात्री मी तिला गादीवर ठेवून न्हाणीत गेले, नळ सोडला आणि बसले. तिचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून. दहा मिनिटं असतील. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, यांनाही नाही, म्हणजे आता ते इथंच वाचतील. बाळाला सुरक्षित जागी ठेवून दहा मिनिटं बाजूला होणं हा गुन्हा नाही, हे मला नंतर कळलं. पण असं रोज वाटायला लागलं, दोन आठवडे उलटले, भूक गेली, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप येईना झाली, तर ते नुसतं जागरण नसतं. डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीचा, फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

२०१८ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास छापला, साडेतीनशेहून जास्त बाळांच्या झोपेची माहिती त्यांच्या आयांकडून गोळा करून. सहा महिन्यांच्या बाळांपैकी शेकडा ३८ रात्री सलग सहा तास झोपत नव्हती, वर्षाची झाल्यावरही शेकडा २८. उठणाऱ्या बाळांच्या बुद्धीच्या आणि हालचालींच्या वाढीत काही कमी नव्हतं, आणि त्यांच्यात आईचं दूध पिणारी जास्त होती. म्हणजे तिकडच्या थंड, शांत, वेगळ्या खोल्यांतही बाळं उठतात, आमच्या इथं तर उसाचे ट्रॅक्टर आहेत. त्याच अभ्यासात असंही आहे की बाळ उठण्याचा आणि आईच्या मनःस्थितीचा संबंध दिसला नाही. हे मला पटत नाही. की त्या आयांना दुपारी कुणीतरी झोपू देत होतं?

कारण सगळं इथंच अडतं. रात्री उठण्यानं मी मोडत नाही, रात्री उठून सकाळी सहाला चुलीपुढं उभी राहिल्यानं मोडते. शेतीची लाईट आलटून पालटून कधी दिवसाची, कधी रात्रीची येते. रात्रीची असली की अख्खं घर त्याच्याभोवती फिरतं. सकाळी यांना कुणी उठवत नाही, जेवण झाकून ठेवतात, पोरांना अंगणात ओरडू देत नाहीत. मोटारीला रात्री चालायची सवय कुणी लावली, असं कुणी विचारत नाही. ऊस जगवायचा तर पाणी येईल तेव्हा द्यायचं. मग बाळाला भूक लागेल तेव्हा पाजणाऱ्या बाईला सकाळी आठपर्यंत झोपू द्यायला काय हरकत आहे?

हे मी जानेवारीत जेवायला बसल्यावर बोलून दाखवलं. सासूबाईंचा घास हातात राहिला. सासरे मात्र हसले, म्हणाले, "मुद्द्याचं बोलली." तेव्हापासून सकाळचा चहा आणि डबे जाऊबाई आणि सासूबाई बघतात, संध्याकाळचं सगळं माझ्याकडं. पहाटेचं पाजून झालं की हे पोरीला खांद्यावर घेऊन ढेकर काढतात, ओट्यावर फिरवतात, आणि मी दोन-अडीच तास मेल्यासारखी झोपते. पोरीच्या उठण्यात तसूभर फरक नाही. माझ्यात आहे.

हे सगळं मला जमतं कारण माझ्याकडं जमवायला माणसं आहेत, आणि बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीमुळं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. आमच्या उसाच्या कडेला यंदा बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्यात. त्यातल्या एकीचं पोरगं माझ्या लेकीच्याच वयाचं. ती पहाटे चारला ट्रॉली भरायला उठते, पोर सात वर्षांच्या थोरलीच्या हवाली. मी विचारलं, रात्री उठतो का गं? म्हणाली, "उठतो की. मी कुठं झोपलेली असते?"

पुढच्या महिन्यात कामावर जायचंय. दूध पिळून ठेवायचं शिकतेय, भांड्यांवर दिवसाचं आणि रात्रीचं अशा चिठ्ठ्या लावते, त्याला सासूबाई हसतात पण चिठ्ठी बघूनच भांडं उचलतात. सोमवारपासून लाईट दिवसाची आहे. म्हणजे रात्री यांची झोप पुरी होणार. दोनचं मी, पाचनंतर पोरगी यांच्याकडं, असं ठरलंय. बॅटरी आणि काठी कोपऱ्यात राहू दे, दुपटं कुठं असतं ते त्यांना आज दाखवून ठेवते.