राखीव जागा, नवऱ्याची सही आणि आमची मावशी

‘जगभरच्या संसदांतल्या बायका : डोळे उघडणारं सत्य’ असा एक मेसेज पंधरा दिवस फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा आला, सोडून दिला. काल तोच मावशीने पाठवला, खाली जोडलेले हात. ही मावशी भोर तालुक्यातल्या एका गावची पाच वर्षं सरपंच होती, तीही महिला राखीव जागेवर! आता मात्र गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, प्रगत देशांत राखीव जागा नसतात, बायका गुणांवर निवडून येतात. अर्धं खरं. स्वीडनमध्ये तसा कायदा नाही. पण तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने यादीत एक बाई, एक पुरुष अशी नावं लावायची शिस्त स्वतःच घालून घेतली. फ्रान्सने २००० साली बायका-पुरुष उमेदवार सारखेच द्यायचा कायदाच केला. जपानने सक्ती केली नाही, तर २०२४ च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहात ४६५ पैकी ७३ बायका. आणि हा त्यांचा उच्चांक.

म्हणे, रवांडात ६४ टक्के बायका, सगळ्या राखीव जागांवरच्या शोभेच्या बाहुल्या. तिथे ८० पैकी राखीव जागा २४, आणि २०२४ ला निवडून आल्या ५१. वरच्या २७ कुठून आल्या? राष्ट्राध्यक्ष कागामेंपुढे संसदेचं फारसं चालत नाही हे कबूल, पण मग पुरुष खासदारांचं तरी कुठे चालतं?

डोकं फिरलं ते पुढच्या वाक्याने : ‘राखीव जागेवरची बाई म्हणजे नवऱ्याची सही.’

असं होतं, नाही कशाला म्हणू? मावशीच्या पहिल्या ग्रामसभेत सरपंचाच्या खुर्चीत काका बसले होते आणि मावशी सतरंजीवर, बायकांत. ग्रामसेवक ठरावाची वही काकांपुढेच धरायचा. वर्षभर हेच. मग उन्हाळ्यात टँकर आधी कुठल्या वस्तीवर न्यायचा यावरून वाजलं आणि मावशीने वही आपल्याकडे ओढली. हंडा किती जड असतो ते तिला माहीत होतं, काकांना नव्हतं.

ही एका घरची गोष्ट म्हणून उडवून लावू नका. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो (हो, २०१९ च्या नोबेलवाल्या) यांनी बंगालमधलं बीरभूम आणि राजस्थानातलं उदयपूर इथल्या पंचायती तपासल्या. २००४ साली तो अभ्यास छापून आला. कुठलं प्रधानपद (म्हणजे आपलं सरपंचपद) राखीव, हे जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत होतं, त्यामुळे तुलना चोख. बाई प्रधान होती तिथे पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली, आणि बायकांच्या तक्रारींतही पाणीच वरचं होतं. नवऱ्यांच्या सह्या असत्या तर हा फरक पडला असता का?

‘लायक बाई असली की लोक निवडून देतातच.’ असं? १९५२ ला पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव लोकसभेत गेल्या. त्यानंतर पुणे मतदारसंघातून २०२४ पर्यंत एकही बाई नाही. सत्तर वर्षांत या शहरात एकही लायक निघाली नाही वाटतं.

शेवटी, ‘आता लोकसभेत तेहतीस टक्के आहेतच’. साफ खोटं. २०२४ ला ५४३ पैकी ७४ निवडून आल्या, २०१९ ला ७८ होत्या. २०२३ च्या महिला आरक्षणाच्या कायद्यातच लिहिलंय : आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, त्यानंतर आरक्षण.

हे सगळं लिहून मावशीला फोन केला. म्हणाली, “अगं, मी कुठे सगळं वाचलं? वर सावित्रीबाईंचा फोटो होता, म्हणून पुढे पाठवलं.”