‘व्यवस्थेचं नाव पुढे करून कामचुकारांना पाठीशी घालता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की काम रखडत असेल तर कोण चुकलं हे शोधण्याआधी काम कुठून कुठे जातं, कुठे अडतं आणि का अडतं ते बघावं. त्यावर तुमचं म्हणणं असं: एक, हा कामचुकारांना मिळालेला आयता बहाणा आहे. तुम्ही सहकारी बँकेत शाखाधिकारी असताना कर्ज विभागातल्या दोन कारकुनांची बदली केलीत आणि महिन्याभरात प्रकरणं मार्गी लागली. दोन, ‘९४ टक्के दोष व्यवस्थेचा’ हा आकडा हवेतला आहे. तीन, मुंबईचे डबेवाले असला कुठलाही अभ्यास न करता निव्वळ निष्ठेवर शंभर वर्षांहून जास्त काळ काम करत आले, म्हणजे शेवटी माणूसच महत्त्वाचा.

आकड्याचं आधी उरकते. तो डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचा. १९५० मध्ये जपानमध्ये जाऊन तिथल्या कारखानदारांना आणि अभियंत्यांना गुणवत्तेचं संख्याशास्त्र शिकवणारे ते अमेरिकन. बहुतेक अडचणी कामाच्या रचनेतून येतात आणि ती रचना व्यवस्थापनाच्या हातात असते, हे सांगताना त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून ९४ आणि ६ अशी ढोबळ वाटणी केली. ते मोजमाप नव्हतं, अंदाज होता आणि त्यांनी तो अंदाज म्हणूनच मांडला. तुमच्या शाखेत ती वाटणी ७० आणि ३० असू शकेल. त्याने माझं म्हणणं बदलत नाही.

खरा मुद्दा बहाण्याचा. भोसरीतल्या एका मध्यम कारखान्यात माझं बरंच जाणं-येणं होतं, तिथलं सांगते. गिअरबॉक्सची जुळणी चालायची. रोज सकाळी जुळणीचे सुपरवायझर आणि स्टोअरकीपर यांची जुंपायची. संगणकावर बेअरिंग शिल्लक दिसायची, रॅकवर मात्र नसायची. व्यवस्थापनाचं निदान ठरलेलं होतं: स्टोअरकीपर बेफिकीर आणि सुपरवायझर लबाड. आधीचा स्टोअरकीपर याच कारणावरून बदलून झाला होता. नव्या माणसालाही थोड्याच दिवसांत तीच विशेषणं चिकटली. खुर्चीवरचा माणूस बदलून तक्रार तीच राहत असेल, तर मला तिथेच थांबून विचार करावासा वाटतो.

एका सुपरवायझरने विश्वासाने आपलं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. खालच्या खणात ऑइल सील, बेअरिंग, सर्क्लिप असे गिअरबॉक्सचे बारीक भाग, सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यांत व्यवस्थित लावलेलं, प्रत्येक खोक्यावर मार्करने जॉब नंबर, म्हणजे माल कुठल्या कामासाठीचा ते. म्हणाला, “मॅडम, हे ठेवलं नाही तर महिनाअखेरीला माझी माणसं बसून राहतात आणि मीटिंगमध्ये बोलणी मी खातो.” प्रत्येक सुपरवायझरकडे असं एक कपाट होतं.

आता हे पुढे कसं फिरतं ते बघा. माल कपाटात गेला की रॅक रिकामा पडतो. रॅक रिकामा दिसला की दुसरा सुपरवायझर घाबरून गरजेपेक्षा जास्त माल उचलतो. तुटवडा वाढतो आणि तुटवडा वाढला म्हणून कपाटं आणखी भरतात. स्टोअरकीपरला दिवसभर तातडीच्या मागण्या येत राहतात, तो चिठ्ठीवर माल देतो आणि नोंदी संध्याकाळी बसून करतो, म्हणजे दिवसभर संगणकावर खोटाच आकडा असतो. तो आकडा बघून खरेदी विभाग ऑर्डर काढतो. त्यात खरेदी विभागाचं मूल्यमापन फक्त दरावर व्हायचं, म्हणून स्वस्त पडावं यासाठी ते दोन-तीन महिन्यांचा माल एकदम मागवायचे. गेटवर गाडी आली की आवक तपासणीच्या टेबलापाशी खोक्यांची चळत लागायची, तपासनीस वरून सुरुवात करायचा आणि उद्या जुळणीला हवं असलेलं सील नेमकं तळाच्या खोक्यात निघायचं.

चौघांपैकी कामचुकार कोण? चौघेही आपापल्या जागेवरून दिसतं त्याप्रमाणे शहाण्यासारखं वागत होते, आणि चौघांच्या शहाणपणातून रोजचं भांडण तयार होत होतं. एकेका विभागाला वेगळं काढून तपासलं असतं तर प्रत्येकाचा अहवाल चांगलाच आला असता. दुखणं विभागांच्या मधल्या जागेत होतं, आणि त्या जागेकडे बघणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

उपाय साधे निघाले. तपासणीचा क्रम गाडी कधी आली यावर न ठेवता उद्याच्या जुळणीच्या यादीवर ठेवला. एका जॉबचा पूर्ण संच जमल्याशिवाय तो जॉब फ्लोअरवर सोडायचा नाही असं ठरलं. खरेदीच्या मूल्यमापनात दराच्या जोडीला तुटवडाही आला. कपाटं रिकामी करा, अशी नोटीस कुणी काढली नाही. माल वेळेवर मिळतो अशी खात्री पटत गेली तशी त्यातली बरीचशी आपोआप रिकामी झाली. सगळी नाही झाली, हेही सांगते. विश्वास बसायला वेळ लागतो.

इथे जबाबदारी हवेत विरली, असं तुम्हाला वाटतं का? मला उलट वाटतं. खरेदी विभागाला फक्त दरावर जोखायचं हा निर्णय कुणीतरी घेतला होता, आणि तो बदलायचा अधिकार स्टोअरकीपरला नव्हता, संचालकांना होता. व्यवस्थेचा दोष म्हटलं की तो ज्यांच्या हातात व्यवस्था आहे त्यांच्या दारात जातो. वरच्या लोकांना ‘माणसंच चांगली मिळत नाहीत’ हे निदान आवडतं, कारण त्यात त्यांना स्वतःचं काही बदलावं लागत नाही. हे मी रागाने लिहिते आहे, कारण त्या निदानापायी चांगल्या माणसांना वर्षानुवर्षं नालायक ठरवलं गेलेलं मी पाहिलं आहे.

माणसं तीच ठेवून रचना बदलली तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास, अचानक होणारे संप, कामावर दारू, अशी त्याची ख्याती. तुमच्या भाषेत सांगायचं तर कामचुकारांचा अड्डाच. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनी मिळून ‘नम्मी’ नावाने तोच कारखाना पुन्हा सुरू केला. संघटना तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. सुरुवातीच्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुनेच. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली आणि तिथल्या गाड्यांच्या गुणवत्तेची तुलना टोयोटाच्या जपानी कारखान्यांशी होऊ लागली.

बदललं काय? जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं म्हणजे गुन्हा होता. चूक दिसली तरी गाडी पुढे जायची आणि नंतर आवारात उभी करून दुरुस्त व्हायची. नम्मीत प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी आली. अडचण दिसली की ओढायची, गटप्रमुख लगेच येणार, ठरल्या वेळात सुटलं तर ठीक, नाहीतर लाइन थांबणार. दोरी ओढली म्हणून कुणी ओरडणार नाही. कामाची पद्धत ठरवायची आणि सुधारायची मुभा काम करणाऱ्यांच्याच गटांना मिळाली. पूर्वी ते काम औद्योगिक अभियंते घड्याळ घेऊन करायचे. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही, की नोकरकपात हा शेवटचाच उपाय असेल असं लेखी वचन दिलं गेलं. १९८८ च्या सुमारास मागणी घटली तेव्हा ते पाळलंही. जास्तीच्या माणसांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावलं. आपल्याच सूचनेने आपली नोकरी जाणार असेल, तर सूचना कोण देईल?

ही पद्धत जनरल मोटर्सने आपल्याच व्हॅन नाइसच्या कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला आणि तो फसला. गट नेमले, दोरी लावली. पण व्यवस्थापकांना शाबासकी मिळायची ती किती गाड्या बाहेर पडल्या यावर, त्यामुळे दोरी ओढलेली त्यांना परवडेना. पुरवठादार आणि डिझाइनचे अभियंते जुन्याच चालीने चालत राहिले. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. आपल्याकडे कार्यशाळा घेऊन, भिंतीवर तक्ते लावून जे ‘जपानी पद्धत’ आणतात, त्यांनी व्हॅन नाइसचा इतिहास जरूर वाचावा.

आता डबेवाले. त्यांच्या निष्ठेबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण ती निष्ठा कशावर उभी आहे तेही बघू या. १८९० च्या सुमारास सुरू झालेलं हे काम गटांत विभागलेलं आहे, गटाचा एक मुकादम असतो. गटाची कमाई सभासदांत वाटली जाते, म्हणजे डबा चुकला तर तोटा सगळ्यांचा. गटात दोन-तीन माणसं जादा असतात. कुणी आजारी पडलं, कुणाची सायकल बिघडली की ती धावतात. ताळेबंद बघणाऱ्या एखाद्या साहेबाने ती माणसं ‘रिकामी’ म्हणून पहिल्यांदा कमी केली असती. डब्यावरच्या खुणा थोडक्या: कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठली इमारत, कुठला मजला, परतीचं स्टेशन कुठलं. मधल्या माणसाला पूर्ण पत्ता लागतच नाही, त्याच्या टप्प्यापुरती खूण पुरते. लोकलचं वेळापत्रक हेच सगळ्यांचं घड्याळ. गाडी स्टेशनात थांबते ती जेमतेम, त्यामुळे उशीर लपवताच येत नाही. आणि जे घर रोज डबा उशिरा देतं त्याचं काम ते सोडतात, कारण एका डब्यासाठी थांबलं तर बाकीच्यांची गाडी चुकते.

शिवाय ही मंडळी बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली, एकमेकांच्या गावची, नात्यातली. नवा माणूस ओळखीतून येतो आणि जुन्याच्या सोबत फिरून शिकतो. याला तुम्ही निष्ठा म्हणता, मी भरतीची आणि प्रशिक्षणाची पद्धत म्हणते, आणि दोघांचंही बरोबर आहे. माणसं व्यवस्थेच्या बाहेर उभी नसतात. त्यांची नाती, भीती, अभिमान, मिळकत कशी वाटली जाते, सगळं तिच्यात धरायचं असतं. खेडचा तोच प्रामाणिक माणूस त्या भोसरीच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून बसवला असता, तर वर्षभरात त्याच्याही कपाटात खोकी दिसली असती.

तरी खरोखर लबाड माणसं असतात, हे मला मान्य आहे. पैसे खाणारा, मुद्दाम फाइल दाबून ठेवणारा. त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे, आणि काम जिथून जातं ती वाट स्वच्छ असली की असा माणूस उठून दिसतो. गोंधळात त्याचं फावतं.

शेवटी तुमच्या शाखेबद्दल. दोघांच्या बदलीनंतर प्रकरणं सुटली, यावर माझा विश्वास आहे. फक्त काही गोष्टी विचारायच्या आहेत, जमलं तर आठवून लिहा. तुंबलेल्या फाइली नेमक्या कशासाठी थांबल्या होत्या: जामीनदाराचे कागद, सातबारा, वकिलांचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, की कर्ज समितीची बैठक? समिती किती दिवसांनी बसायची, आणि एखादं प्रकरण एका कागदासाठी परत गेलं तर ते थेट पुढच्या बैठकीलाच लागायचं का? बदलीच्या त्या महिन्यात तुम्ही स्वतः रोज त्या टेबलापाशी जाऊन अडलेले कागद मागवत होता का? आणि पुढच्या मार्चअखेरीला, नवे कारकून असताना, तिथे पुन्हा किती फाइली साठल्या होत्या?