सफरचंदाचे कल्ले

काल मालवणच्या बाजारात एका फळवालीने मला 'चाकरमानी' म्हटलं. मी जन्मलो मालवणात, छड्या खाल्ल्या मालवणच्या शाळेत, मुंबईला जातो ते वर्षातून एकदा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. माझा गुन्हा एवढाच, की मी विचारलं, "एक फोड चाखून बघू का?"

"चाकरमानी मां तुमी? कधी इलास मुंबयसून?"

सगळं भाचीमुळे झालं. ती अमेरिकेत असते. परवा तिने फोनवर तिथला शेतकऱ्यांचा बाजार दाखवला. ऑक्टोबर लागला की बागवाले स्वतः येऊन बसतात, सफरचंदांच्या जातीजातीच्या फोडी ताटल्यांत मांडलेल्या, चाखा आणि ठरवा. तिचं लाडकं हनीक्रिस्प मिनेसोटा विद्यापीठाने तयार करून १९९१ साली बाजारात आणलेलं. "मामा, आवाज ऐक," म्हणून तिने ते फोनजवळ कडाक्कन चावून दाखवलं. तो आवाज दोन दिवस माझ्या कानात होता.

फळवालीकडे चार ढीग होते: रॉयल, गोल्डन, हिरवं आणि प्रत्येकावर स्टिकर चिकटवलेलं फुजी. "असा चाखून कोण घेता?" ती म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला असता. पण शेजारी एक म्हातारा उभा होता. काखेत छत्री (पाऊस जाऊन आठवडा झाला होता), हातातल्या पिशवीतून बांगड्यांच्या शेपट्या बाहेर.

"काप गे एकेक," तो म्हणाला. "बघूया तरी."

त्याने रॉयल उचललं, देठाजवळ अंगठ्याने दाबलं, उलटंपालटं केलं, नाकाशी नेलं आणि मला विचारलं, "ह्येचे कल्ले खंय?"

"फळाला कल्ले नसतात."

"मगे ताजा काय शिळा, तां कळतला कसा?"

मी उत्तर शोधतोय तोवर फोड त्याच्या तोंडात गेली होती. "हो चार दिसांचो बांगडो. भायर चकचकीत, आत भुसो." गोल्डन: "ह्या पेजेवांगडा. ताप इलो तर." हिरव्याला त्याने एक डोळा मिटला. "ह्या तिकल्यात घाल. सोलां वाचतली." (तिकलं म्हणजे माशाचं कालवण, सोलां म्हणजे आमसुलं.) मी त्याला माहिती पुरवली, की ह्याचं नाव ग्रॅनी स्मिथ, आणि ही स्मिथ आजी खरोखरची, ऑस्ट्रेलियातली, १८६८च्या सुमारास तिच्या वाडीत हे रोप उगवलं.

"आजयेक सांग, सोलां आमची बरी."

फुजीला मात्र तो गप्प झाला. दुसरी फोड घेतली. तिसरीही. माझ्या वाटणीची धरून. "ही सुरमय," तो शेवटी म्हणाला. "कितीक किलो?"

"तीनशे साठ."

"मगे सुरमयच खांव नये?" आणि छत्री काखेत सारून चालायला लागला. जाता जाता फळवालीला म्हणाला, "ह्येंका घाल. चाकरमान्यांका काय, पैसे आसत." तिने कापलेली चारही सफरचंदं, म्हणजे त्याने खाऊन उरलेली, माझ्या पिशवीत टाकली आणि पैसे अख्ख्या चारांचे घेतले.

खरं सांगायचं तर रॉयलबद्दल तो चुकला नव्हता. रॉयल म्हणजे आपण ज्याला शिमल्याचं म्हणतो ते डेलिशस. त्याचं मूळ झाड अमेरिकेत, आयोवात सापडलेलं. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकनाने १९१६ साली ती कलमं हिमाचलात कोटगढला लावली. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात शेकडो तास कडक थंडी लागते. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पंखा एकवर येतो, त्याला आम्ही थंडी म्हणतो. तेव्हा ते तिथेच पिकणार, आणि ट्रकातून उन्हातान्हात इथे पोचेपर्यंत त्यातला कडाक् संपणार, पीठ उरणार. वर त्या पिठाचे दोनशे चाळीस रुपये किलो द्यायचे आणि आजाऱ्याला भेटायला जाताना तेच न्यायचं. काजूची बोंडं नेली तर लोक आपल्यालाच आजारी समजतील. चैत्रात वाडीत पाय ठेवायला जागा नसते इतकी पडलेली असतात, लाल, पिवळी, रसाने फुटलेली. आम्ही बी पिळून काढतो आणि बोंड तिथेच टाकतो. तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात गेलं की त्याचीच फेणी होते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जातींना वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ असे आकडे दिले, ते बीसाठी. कुठल्या झाडाचं बोंड घशाला कमी खवखवतं, हे गुरांमागे फिरणाऱ्या पोरांना ठाऊक असतं. ताटलीत फोडी मांडून त्यांना कोणी विचारलेलं नाही. मीही नाही.

घरी येईपर्यंत फोडी तांबूस पडल्या होत्या. "उष्टी कोणाची आणलीत?" बायकोने विचारलं. मी हकिगत सांगितली. ती म्हाताऱ्याच्या बाजूने होती.

आज सकाळी मासळीबाजारात गेलो. बांगड्याचा कल्ला उघडून बघत होतो, तोच मागून आवाज आला.

"काय चाकरमान्यानू, आज बांगडो चाखतास?"