अर्धं वाक्य कापलं आणि म्हणे खडकावर काही उगवत नाही

आयर्लंडमधल्या बरेन भागातल्या खडकाळ माळाचा फोटो, त्याखाली "प्राचीन माणसांनी बसवलेली फरशी, चुनखडी असल्यामुळे काडीही उगवत नाही, इंग्रज सेनापतीच लिहून गेलाय, अंगणातलं गवत घालवायला फटीत चुना भरा". हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. मी सोडूनच देणार होते, पण रविवारी सकाळी बघते तर अण्णा मागच्या अंगणात शहाबादीच्या फटींत डब्याने दाट चुना ओतालेत आणि बाजूला ताईची तीन वर्षांची पोरगी अनवाणी. विचारलं तर म्हणे, फोटोत हाय की!

आधी चुन्याचंच बोलू. चुनखडी आणि चुना एक नाही हो. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवला तरी कातडी भाजते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि ज्या शहाबादीवर आपण मांडी घालून जेवतो ती चुनखडीच आहे, तिने कुणाचे पाय भाजले? गवत मेलं तर चुन्याच्या दाहाने मरेल, आणि तोच चुना पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडीच होणार, म्हणजे गवत पुन्हा आहेच. फटीत आपोआप आलेली तीन बोटांची तुळस मात्र संध्याकाळपर्यंत करपली.

आता तो सेनापती. एडमंड लडलो, आयर्लंड जिंकायला आलेल्या क्रॉमवेलच्या इंग्रज फौजेतला, 1651 च्या सुमाराची गोष्ट. त्याने लिहिलंय की या मुलखात माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही असं म्हणतात. फॉरवर्ड इथंच संपतो, पण त्याचं लिहिणं इथं संपत नाही! तो पुढे म्हणतो, तरी इथली गुरं चांगली माजलेली आहेत, कारण खडकांच्या मधल्या दोन-तीन फूट लांब-रुंद मातीच्या तुकड्यांत येणारं गवत गोड आणि सकस आहे. आजही तिथले शेतकरी गुरं हिवाळ्यात वर माळावर सोडतात, कारण खडक कोरडा राहतो आणि ऊब धरतो. गुरं माजलेलं गवत खाऊन टाकतात म्हणून वसंतात जेन्शियनच्या बुटक्या निळ्या फुलांना ऊन मिळतं. त्याच माळावर बर्फाळ प्रदेशातलं पांढरं ड्रायस आणि भूमध्य समुद्राकडचं ऑर्किड शेजारी शेजारी फुलतं. खोल भेगांत वारा नाही, सावली आणि ओल आहे, तिथं नेचे, त्यात आपल्या विहिरीच्या दगडांत येणाऱ्या हंसराजाचा जातभाईसुद्धा. आयर्लंडच्या देशी वनस्पतींपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त जाती या "काडी न उगवणाऱ्या" भागात आहेत.

फरशी कुणी बसवली नाही. हिमयुगात बर्फाने माती खरवडून नेली, मग पावसाच्या किंचित आंबट पाण्याने भेगा विरघळवून रुंद केल्या. फोटोत फरशीसारखं दिसतं, एवढं कबूल.

आणि हो, चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडतो, केवडा पडला म्हणतात, तेही खरंय, लोह मिळत नाही पिकाला. पण उसाला जमलं नाही म्हणजे कुणालाच जमत नाही, हे कुठलं लॉजिक?

अण्णांना लडलोचं पुढचं वाक्य वाचून दाखवलं तर म्हणाले, मग ते का नाही टाकलं त्यांनी? उरलेला चुना झाकण लावून माळ्यावर ठेवलाय. आज तोच फॉरवर्ड आत्याकडून परत आलाय.