अडकलाय कुठे, तेवढं तरी सांगा!

नोकरी गेल्याचं दुःख एकवेळ पचतं हो, पण बेरोजगारी भत्त्याच्या क्लेमपुढे लागलेलं ते 'पेंडिंग' पचत नाही. अमेरिकेत बेरोजगारी भत्ता प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देतं, १९३५च्या कायद्यापासून हीच पद्धत. बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे. ठीक आहे. पण क्लेम का अडकलाय, हे एका तरी माणसाने सांगावं की नाही? ऑफिस उघडल्या उघडल्या फोन लावा, एक दाबा, दोन दाबा, सोशल सिक्युरिटी नंबर टाका, आणि मग काय, तर "सगळे प्रतिनिधी व्यस्त आहेत, नंतर प्रयत्न करा." खट्! फोन बंद. होल्डवरसुद्धा ठेवत नाहीत मेले!

इकडे एक छदाम हातात नसताना दर आठवड्याला सर्टिफाय करायचंच, म्हणजे ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊन आपण अजून भत्त्याला पात्र आहोत हे कळवायचं. काम करायला तयार होतात का? काम शोधलंत का? आलेलं काम नाकारलंत का? अहो, प्रश्न तुम्हीच विचारणार, मग आमच्या एका प्रश्नाला उत्तर कोण देणार? आणि नकार आलाच, तर अपिलाची मुदत बहुतेक ठिकाणी पत्र पाठवल्याच्या तारखेपासून मोजणार, मग ते पत्र पोस्टात कितीही दिवस लोळत पडो. संताप होतो नुसता!